खांब दिसता कामा नये

पांढऱ्या रंगाच्या बाबतीत तिच्या नादी लागू नये, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा धंदाच तो. दंतवैद्य रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवायचे आणि ही बाई कामाच्या टेबलाशी बसून एकेक दात घडवायची. शेजारचा दात जरा पिवळट असेल तर हाही पिवळट, त्याच्या टोकाला राखाडी झाक असेल तर यालाही तीच झाक. बसवल्यावर नवा दात कुठला, हे खुद्द मालकाला आरशात शोधावं लागलं की हिचा दिवस सोन्याचा. दिसला तो दात वाया गेला, असं ती म्हणायची आणि ते खोटंही नव्हतं.

तर अशा बाईच्या घरातली भिंत पाडली गेली. स्वयंपाकघर, जेवायची जागा आणि बैठक यांचं मिळून एकच लांबरुंद दालन झालं. याचं कारण अप्पा, म्हणजे तिचे सासरे. सासूबाई गेल्यावर ते आपल्या घरी एकटेच असायचे आणि फोनवर विचारलं की "मजेत आहे" म्हणायचे. इतकं मजेत कुणी नसतं हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. नवऱ्याने आणि तिने मिळून त्यांच्या मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे ते आले. आले तेही "राहून बघतो" म्हणत. स्वतःचं घर त्यांनी नुसतं कुलूप लावून ठेवलं होतं.

अप्पांनी उभी हयात बस चालवली होती. सुनेला गाडी शिकवली तीही त्यांनीच. तिने गाडीला गचके दिले, चढावर बंद पाडली, एकदा तर सरळ कुंपणात घातली, पण हा माणूस शेजारी बसून "होतं असं, परत घे" एवढंच म्हणायचा. तिच्या सख्ख्या वडिलांनी तिला सायकलसुद्धा इतक्या धीराने शिकवली नव्हती. तिचा अप्पांवर जीव होता, अगदी सरळ सांगायचं तर नवऱ्यापेक्षा थोडा जास्तच. त्यांनी आता कायमचं इथेच राहावं, एवढंच तिला हवं होतं. भिंत पाडली की कुणी भाजी चिरत असो, कुणी अभ्यास करत असो, अप्पा सगळ्यांच्या मध्ये असतील, असा तिचा हिशेब होता.

हिशेबात एक खोट निघाली. तुळई पेलणारा एक चौकोनी खांब पाडता येणार नव्हता. तो दालनाच्या ऐन मध्यावर, बोलावणं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा उभा. शिवाय स्वयंपाकघर बैठकीपेक्षा उंच होतं, त्यामुळे खांबाच्या पलीकडे एक पायरी उरली.

"खांब दिसता कामा नये," तिने रंगाऱ्याला बजावलं.

"ताई, खांब आहे तो. दिसणारच," रंगारी म्हणाला. त्याला कमी बोलणं माहीतच नव्हतं. त्याच्या मते खांबाला झकास भगभगीत पिवळा द्यायला हवा होता. तसा त्याने मेहुण्याकडे दिला होता आणि मेहुणा अजून त्याच्याशी बोलत नव्हता, पण ते वेगळ्या कारणाने.

तिने पिवळ्याचा विषय तिथेच मिटवला आणि शेडकार्ड उघडलं. सायीचा, मोतिया, हस्तिदंती, ओल्या वाळूचा, बदामी, शिंपल्याचा. प्रत्येकाचे हातभर रुंद ठिपके भिंतीवर दिले. सकाळच्या उजेडात बघितले, दिवे लावून बघितले. मोतिया खिडकीपाशी गुलाबी दिसतो म्हणून बाद. बदामी शेगडीजवळ मळकट वाटतो म्हणून बाद.

"तुला कुठला आवडतो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हा चालेल."

"अरे, हा ठिपका नाहीये. ही जुनी भिंत आहे."

"मग तोही चालेल," नवरा म्हणाला आणि चपला घालून बाहेर सटकला.

लेक कॉलेजातून आली, पिशवी टाकली आणि कमरेवर हात ठेवून सगळे ठिपके बघत राहिली. "आई, हे घर आहे. कवळी नाही."

अप्पांना हसू आवरेना. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या डोळ्यापुढे आम्ही कोण? तू म्हणशील तो." ते पाहुण्यासारखं बोलले हे तिला जरा लागलं, पण तेव्हा तिच्या डोक्यात सायीचा की शिंपल्याचा, एवढंच होतं.

या घोळात रंगाऱ्याचं काम रखडलं. खांबाला वेगळा रंग मिळणार हे गृहीत धरून त्याने खांबाच्या चारही कडांना, दारांच्या चौकटींना आणि पायरीच्या काठाला निळी मास्किंग टेप, रंग कडेबाहेर जाऊ नये म्हणून लावतात ती पट्टी, चिकटवून टाकली होती. पहिला हात झाला होता आणि दुसरा कुठल्या रंगाचा, ते ठरत नव्हतं. फर्निचर मधोमध गोळा करून चादरीखाली झाकलेलं, वर्तमानपत्रं पसरलेली, घराची अगदी रया गेलेली. आणि अप्पा मात्र त्या पसाऱ्यात खुशाल हिंडत होते. पायरी चढून चहा करायचे, कप घेऊन खाली यायचे, रंगाऱ्याला पाजायचे, त्याच्या मेहुण्याची सगळी कहाणी ऐकून घ्यायचे. ती कामावरून परत यायची तेव्हा दोघांचं गुळपीठ जमलेलं असायचं.

शेवटी तिने शिंपल्याचा रंग पक्का केला. भिंती, खांब, चौकटी, पायरीची उभी बाजू, सगळं त्याच एका रंगात. फरशी आधीच त्याच कुळातली घातली होती. "मग मी टेप कशाला लावली?" असं कुरकुरत रंगाऱ्याने दुसरा हात मारला आणि टेप सोलून काढली.

"राहू द्या की ती पट्टी, वाळेपर्यंत," अप्पा त्याला म्हणाले.

"वाळल्यावर काढली तर रंग सोलून निघतो, काका," रंगारी म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दालन मोठं सुरेख दिसू लागलं. उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विनाअडथळा जायचा, आणि खांब खरोखरच नाहीसा झाला. शेजारीण बघायला आली, तिने विचारलं, मध्ये खांब होता ना गं इथे? ही मनातून इतकी सुखावली की शेजारणीला दोनदा चहा पाजला. अप्पाही उठून खांबापाशी गेले. त्यांनी तळवा टेकवून, सावकाश, कडेपर्यंत हात फिरवला. "काय गुळगुळीत झालाय," ते म्हणाले. कौतुक करायचं तर असं, तिला वाटलं.

पण त्यानंतर अप्पा बसले ते बसलेच. खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळी टेकायचे, ते जेवायलाच उठायचे. चहा करणं बंद. लेकीने पत्त्यांचा डाव मांडला तर "इथेच आण" म्हणायचे. एकदा त्यांच्या कपाळावर टेंगूळ दिसलं. विचारलं तर कपाटाचं दार लागलं म्हणाले. काही विचारा, उत्तर एकच, "छान आहे हो सगळं." आणि एका सकाळी पावाला लोणी लावता लावता त्यांनी सांगून टाकलं, "रविवारी मला घरी सोडून या. खूप दिवस झाले."

लेक ताटावरून उठली. तिला तर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मग तिनेच शोधून काढलं की भिंत गेल्यामुळे अप्पांना स्वतःची अशी जागा उरली नाही, सगळ्यांच्या नजरेत बसून राहावं लागतं. तिने पडदा लावू म्हटलं, लाकडी आडोसा करू म्हटलं, शेवटी भिंतच परत बांधू म्हटलं. नवऱ्याने तर त्यांच्या खोलीसाठी नवी खुर्ची आणली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार. अप्पा प्रत्येक गोष्टीला "कशाला उगीच" म्हणाले आणि बॅग भरायला घेतली.

शुक्रवारी ती कामावर गेली ती तोंड पाडूनच. टेबलावर ती एरवी काळी रबरी चटई अंथरायची आणि त्यावरच काम करायची. त्या दिवशी ती धुऊन वाळत घातलेली होती, म्हणून तिने पांढरा कागद पसरला. लक्ष कामात कुठलं असणार? चिमट्यातून दात निसटला आणि कागदावर पडला. पडल्याचा टक् असा आवाज तिने ऐकला. दात कुठे जाणार, समोरच होता. पण पांढऱ्या कागदावर पांढरा दात तिला दिसेचना. जिच्या डोळ्याचं एवढं कौतुक, ती बाई नाकासमोरचा दात शोधत होती. मग तिने तळवा कागदावर सपाट टेकवला आणि सावकाश, कडेच्या दिशेने सरकवायला लागली.

सरकवता सरकवता ती थांबली. हात असा फिरताना तिने पाहिला होता. खांबावर. अप्पा कौतुक करत नव्हते, कड शोधत होते.

मग सगळं भराभर जुळत गेलं. घराची दैना होती तेव्हा अप्पा फिरत होते, कारण प्रत्येक कडेला निळी पट्टी होती. पट्टी गेली, अप्पा खुर्चीला खिळले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. तिला स्वतःचा असा राग आला की तो दात तिने तसाच सोडला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घरी अप्पा एकटेच होते. खुर्चीत. "लवकर आलीस?" त्यांनी विचारलं. वाटेत घेतलेलं निळ्या टेपचं भेंडोळं तिने उघडलं आणि खांबाच्या कडांना पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली. मग चौकटींना. मग गुडघे टेकून पायरीच्या काठाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अप्पा बघत राहिले. तिचं झालं तशी ती बाजूला होऊन भिंतीला टेकून बसली.

मग अप्पा उठले, खांबाला वळसा घातला, पायरी चढले आणि चहाचं आधण ठेवलं.

"कधीपासून, अप्पा?"

"झालं असेल वर्ष." त्यांची पाठ तिच्याकडे होती. "माणसं दिसतात, रंगही दिसतात. फिक्यात फिकं मिसळलं की संपलं, काठच सापडत नाहीत. डॉक्टर म्हणाला, चष्म्याने होणारं काम नाही. थेंब घालत जा आणि जपून राहा."

"सांगायचं नाही का हो?"

"बस चालवत होतो मी. घाटातून, धुक्यातून. कधी बसचा आरसासुद्धा कुठे घासू दिला नाही. आता घरातल्या खांबावर आपटतो, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगितलं असतं तर तुम्ही मला बाथरूमपर्यंत हात धरून नेलं असतं." त्यांनी गॅस बारीक केला. "जायची हौस नाही गं मला. तिकडे काय आहे? पण तिथे काय कुठे आहे ते पायांना तरी पाठ आहे."

"मीच लपवला तो खांब," ती म्हणाली. "एवढी अक्कल पाजळून."

"होतं असं," अप्पा म्हणाले. "साखर कुठे ठेवतेस हल्ली?"

शनिवारी रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. या वेळी शेडकार्डाची शेवटची पानं उघडली, ज्यांच्याकडे ती आजवर ढुंकूनही बघत नसे. विटकरी, गर्द निळा, बाटलीचा हिरवा. खांबावर ठिपके दिले आणि अप्पांना खुर्चीत बसवून विचारलं, कुठला दिसतो? विटकरी उजेडात पुसट होत होता. गर्द निळा दिवसाच्या उजेडात दिसला, पण पडदे ओढून दिवे लावले की सावलीत मिसळून गेला. दोन्ही वेळेला ठसठशीत दिसला तो एकच, वांग्याचा गडद जांभळा. रंगाऱ्याचा चेहरा फुलला. तिने मात्र डोळे मिटून होकार दिला आणि ती आत निघून गेली. लेकीने ताबडतोब फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

खांब जांभळा झाला, चौकटी जांभळ्या झाल्या, पायरीच्या काठाला जांभळी रेघ आली. शिंपल्याच्या रंगाचं ते देखणं दालन गेलं ते गेलंच. आता दारातून कुणीही आत आलं की पहिला नमस्कार खांबाला.

रविवारी सकाळी बॅग दाराशी तशीच होती. बॅगेचा विषय कुणी काढत नव्हतं. नवरा गाडीची किल्ली न घेताच वर्तमानपत्र उलटंसुलटं करत होता. अप्पा स्वयंपाकघरातून निघाले, दोन्ही हातांत एकेक कप. पायरी उतरले, खांबाला बगल दिली आणि एक थेंब न सांडता तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"रंग भिकार निवडलास," ते म्हणाले. "पण दिसतो."

या घरात आल्यापासून त्यांनी कशालाही नाव ठेवलं नव्हतं. कप तिच्या हातात देऊन ते खुर्चीत बसले, एक घोट घेतला आणि मुलाकडे वळले. "त्या घराला एखादा भाडेकरू बघ. किती दिवस बंद ठेवायचं?"

नवरा हो म्हणाला, लेकीने बॅग उचलून आत नेली. ती मात्र गप्प राहिली. तोंड उघडलं असतं तर ती रडली असती, आणि आपण रंगाला भिकार म्हणालो म्हणूनच ही रडते, असं अप्पांना वाटलं असतं.