सेननच्या पोटाचं दुखणं

सेनन कॉन्सिडाइनने आयुष्यभर आमच्या गावच्या शाळेची बस चालवली. आयर्लंडमधल्या क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या त्या वळणावळणांच्या रस्त्यांवर त्याने कुणाच्या पोराला कधी साधं खरचटूही दिलं नाही, त्यामुळे गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. लग्न त्याने केलं नाही. घर बहीण सांभाळायची. ती वारली आणि शेजारच्या डिलिया टाल्टीने ठरवून टाकलं, की दर गुरुवारी दुपारी सेननने आपल्याकडे चहाला यायचं. डिलिया विधवा, वयाने त्याच्यापेक्षा बरीच मोठी, मनाने लोण्यासारखी. अडचण एकच होती. चहाबरोबर ती स्वतः केलेला फ्रूट केक द्यायची, आणि तो केक खाववत नसे.

वरून करपलेला, मधे कच्चा आणि मनुका बुडाशी जाऊन बसलेल्या. डिलिया मापाने काही करत नसे. हाताला येईल तेवढं पीठ, मनाला येईल तेवढी साखर. गावातल्या प्रत्येकाने तो केक कुठल्या ना कुठल्या मयतानंतरच्या चहाला खाल्लेला होता आणि प्रत्येकाने छान झालाय म्हणून सांगितलेलं होतं. सेननही तेच म्हणायचा. ती किटली भरायला उठली की अर्धा तुकडा कोटाच्या खिशात सरकवायचा.

एका गुरुवारी ती उठलीच नाही. समोर बसून राहिली आणि पहिला तुकडा संपायच्या आत दुसरा कापायला लागली. त्या सुरीकडे बघता बघता सेननच्या तोंडून निघून गेलं, की डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितलाय. पोटाला गव्हातलं ते ग्लुटेन सोसत नाही म्हणाले.

आमच्या भागात हे दुखणं कितीतरी घरांत आहे, त्यामुळे कुणी शंका घेण्याचं कारणच नव्हतं. सेननला वाटलं, सुटलो. आता नुसता चहा. पण डिलियाने सुरी खाली ठेवली आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे इतके दिवस मी तुला विषच वाढत होते की रे," ती म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही हो, गंमत केली, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि सेनन एवढंच पुटपुटला, की तुमचा काय दोष, तुम्हाला कुठे ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी तिने त्याला उकडलेलं अंडं दिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती घरी नव्हती. बस पकडून एनिस शहरात गेली होती, तांदळाचं पीठ, बदामाची पूड आणि केक धरून ठेवणारी कसलीशी पांढरी भुकटी शोधायला. दुकानातल्या मुलीने तिला बजावलं, की गव्हाच्या पिठाचा कण जरी राहिला तरी या माणसांना बाधतो. डिलियाने घरी येऊन केकची जुनी टिनं, लाकडी चमचे, चाळणी, लाटणं सगळं खोपटात नेऊन टाकलं. लग्नापासूनची भांडी होती ती. फडताळ साबणाने घासून काढलं. त्या वयात स्टुलावर चढून.

पहिले केक तिने कोंबड्यांना घातले. एक भुगा होऊन पडला, एक विटेसारखा झाला. ती हटली नाही. मनुका आणि बेदाणे आदल्या दिवशीच कडक गार चहात भिजत घालायची, संत्र्याची साल किसायची, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तराजू घेऊन प्रत्येक गोष्ट तोलायची. शेवटी एका गुरुवारी तिने सेननपुढे बशी ठेवली आणि हात पुसत उभी राहिली.

केक अप्रतिम झाला होता. मऊ, ओलसर, दालचिनीचा वास, प्रत्येक घासात रसरशीत मनुका. सेननने न मागता दुसरा तुकडा घेतला. हे कसं जमलं, असं त्याने विचारलं.

"भीतीने," डिलिया म्हणाली. "आधी आपला अंदाजपंचे कारभार होता. आता चुकले तर तुझ्या जिवाशी खेळ. म्हणून मोजते."

सेननने उरलेला तुकडा चहाच्या घोटांबरोबर संपवला.

त्यानंतर लाजेला सुमारच राहिला नाही. डिलियाने गावच्या चर्चच्या फादर लहिफना सांगितलं आणि फादरांनी सेननसाठी मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या वेळची वेगळी पवित्र भाकर मागवली, जवळजवळ ग्लुटेन नसलेली. दर रविवारी सगळी रांग संपली की फादर छोटी डबी उघडून सेननकडे मान करायचे. अख्ख्या देवळासमोर तो एकटा पुढे जायचा. जिभेवर ती भाकर घेताना त्याला देवाच्या तोंडावर खोटं बोलतोय असं व्हायचं, आणि मागच्या बाकावरच्या बायका मात्र बिचारा म्हणून उसासे टाकायच्या. साधा पाव आणायला तो गाडी काढून दुसऱ्या गावी जायचा. तो घरी पडदे ओढून खायचा.

आज सांगू, उद्या सांगू असं म्हणता म्हणता हिवाळा गेला. आता सांगितलं तर डिलियाचं हसं होईल, असं तो स्वतःला समजवायचा. मनातून त्याला ठाऊक होतं, की भीती स्वतःच्या हशाची आहे.

अशातच रिओना त्याच्या दारात आली. आमच्याच शाळेत शिकवणारी, ऐन पंचविशीतली मुलगी. लहानपणी त्याच्याच बसने जायची, पुढच्या सीटसाठी भांडायची. कित्येक महिने ती खंगत चालली होती. शेवटी निदान झालं, तेच, ग्लुटेनचं. हे मात्र खरंखुरं होतं. डिलियाने तिला सांगितलं होतं, जा, सेननला विचार, तो किती नीट निभावतो बघ.

ती स्वयंपाकघरात बसली आणि बोलता बोलता रडायला लागली. शिक्षकांच्या खोलीत सगळे चहाला बसतात, बशीभर स्कोन, म्हणजे गव्हाचे छोटे गोडसर पाव असतात, ही आपली डबा उघडून बाजूला. बरोबरच्या मैत्रिणी म्हणतात, नखरे आहेत. ज्याच्याशी नुकतंच लग्न ठरलंय त्या मुलाची आई म्हणते, आमच्या घरात हे असलं कधी नव्हतं. हे सगळं जन्मभर कसं करायचं, असं ती विचारत होती.

सेननला तिथे बसवेना. त्याला सांगण्यासारखं काही माहीतच नव्हतं. तिने लवकर उठावं, तिचं रडणं थांबावं, एवढंच त्याला हवं होतं.

"एवढं मनावर घेऊ नकोस गं पोरी," तो म्हणाला. "डॉक्टर सांगतात तेवढं काही नसतं. थोडंसं चालतं. मीसुद्धा अधूनमधून अर्धा स्कोन खातो. काही होत नाही."

रिओनाने डोळे पुसले. तिचा चेहरा एकदम हलका झाला. जाताना तिने त्याला मिठी मारली.

पुढे काय झालं ते सेननला डिलियाकडून कळलं. गुरुवार होता, चहा ओतलेला होता, केक कापलेला होता. डिलिया सांगत होती, की रिओना वर्गात फळ्यासमोर कोसळली. लिमरिकच्या इस्पितळात ठेवलंय. अंगात रक्त उरलेलं नाही, पोटात काही ठरत नाही. आणि याचं कारण म्हणजे ती रोज शाळेत अर्धा अर्धा स्कोन खात होती. पोट दुखायचं, पण सवय होईल म्हणून सोसत राहिली.

"आणि म्हणते काय, सेननने सांगितलं चालतं म्हणून," डिलिया म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण तो सेननवर नव्हता. "मी इस्पितळात तिच्या आईसमोरच तिला म्हटलं, बाई गं, तू काहीतरी भलतंच ऐकलंस. तो माणूस कणाला जपतो. तो असं सांगेल? आपली चूक दुसऱ्यावर ढकलू नये. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली."

सेननने कप खाली ठेवला.

"ती खरं बोलतेय," तो म्हणाला.

डिलिया बघत राहिली.

"मी सांगितलं तिला. आणि मला काही झालेलं नाही, डिलिया. कधीच नव्हतं. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं."

डिलियाने टेबलावरच्या केककडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या तराजूकडे, मग परत त्याच्याकडे.

"मग का?"

"तुमचा जुना केक," सेनन म्हणाला. "मला खाववत नव्हता."

"इतका वाईट होता?"

"हो."

ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. नवऱ्याने कधी एक शब्द काढला नाही, ती म्हणाली. मयतांना नेला, लग्नांना नेला, कुणी काही बोललं नाही. मग तिने खुर्ची मागे सारली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"केकचं राहू दे. केकचं मी माझं बघेन," ती म्हणाली. "पण आजारी पोरीला तिच्या आईसमोर मी खोटं पाडलं, ते तुझ्यामुळे. ऊठ. गाडी काढ."

इस्पितळात डिलिया आधी आत गेली आणि रिओनाच्या आईसमोर तिने पोरीची माफी मागितली. सेनन दाराशी उभा राहून ऐकत होता. चूक त्याची होती आणि मान खाली घातली होती म्हाताऱ्या डिलियाने. मग तो आत गेला आणि त्याने सगळं सांगितलं, खिशातल्या केकपासून पडदे ओढून खाल्लेल्या पावापर्यंत. बोलताना त्याला ते इतकं क्षुल्लक वाटत होतं, की धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं.

रिओनाचा चेहरा उशीसारखाच पांढरा होता. तिने त्याला मधे अडवलं नाही.

"मला वाटायचं मीच दुबळी आहे," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही या वयात सोसता आणि मला अर्धा स्कोन झेपत नाही. पोटात कळ आली की मी स्वतःलाच शिव्या द्यायचे." मग ती म्हणाली, "तुम्ही आता जा."

गावात बातमी व्हायला वेळ लागला नाही. सेनन स्वतः फादर लहिफकडे गेला. फादरांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत, आणि ते त्याला जास्त लागलं. त्या रविवारी तो सगळ्यांच्या रांगेत उभा राहिला. पुढचा माणूस वळून पाहत होता, मागच्या बायका कुजबुजत होत्या. ती छोटी डबी आता रिओनासाठी ठेवली होती आणि बाकावरची रिओनाची जागा रिकामी होती. पबमध्ये त्याच्यापुढे कुणीतरी पावाचा अख्खा लोफ आणून ठेवला आणि म्हणाला, "घे सेनन, डॉक्टरांना विचारलंय आम्ही." सगळे हसले. तोही हसायला गेला, जमलं नाही. नंतर कितीतरी दिवस तो तिकडे फिरकला नाही. गुरुवारी डिलियाच्या खिडकीत दिवा दिसायचा, पण बोलावणं येत नव्हतं.

रिओना घरी आली तेव्हा डिलियाने त्याच्या दारावर टकटक केलं. हातात कापडात गुंडाळलेला केक होता. आत आली नाही.

"हा तिच्याकडे न्यायचा. मला गाडी येत नाही," ती म्हणाली. "दर आठवड्याला. आणि दाराशी ठेवून पळायचं नाही. हातात द्यायचा."

तो नेऊ लागला. दार रिओनाची आई उघडायची. केक घ्यायची, त्याच्याकडे बघायची नाही आणि दार लावायची. परत गाडीपर्यंत चालत जाताना समोरच्या घरातून कुणीतरी पाहतंय हे त्याला कळायचं. तरी पुढच्या आठवड्यात तो पुन्हा जायचा. एकदा आई म्हणाली, ती आज बरी आहे. तेवढंच.

मे महिन्यात एक दिवस दार रिओनाने उघडलं. गालांवर थोडा रंग आला होता. चहा केलाय, ती म्हणाली, बसा. सेनन खुर्चीच्या कडेवर बसला. तिने केक कापला आणि एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"तुमच्यासाठी साधा पावही आहे घरात," ती म्हणाली. "हवा असेल तर."

तिच्या बोलण्याला धार होती आणि ती लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. सेनन म्हणाला, की हाच चालेल. त्याने खाल्ला. चव त्याला फारशी कळली नाही.

मग त्याने विचारलं, की खरंच कसं असतं ते. सकाळी उठल्यावर, शाळेत, लोकांच्या घरी. रिओना थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, हा माणूस पुन्हा काही बोलून उडवून लावणार का, याचा अंदाज घेत. मग तिने दोन्ही हातांत कप धरला आणि सांगायला सुरुवात केली. ती बराच वेळ बोलत होती. ठरलेलं लग्न मोडल्याचंही तिने सांगितलं. सेननने मधे एक शब्द काढला नाही. त्याच्या कपातला चहा पार गार झाला आणि तो ऐकत राहिला.