आईला सांगू नका

मँचेस्टरच्या आमच्या भाड्याच्या घरात रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात कोणी ना कोणी मरणाला टेकायचं. आम्ही सगळे परदेशात शिकलेले डॉक्टर. इथे काम करायचं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि तिथले रुग्ण म्हणजे नट असतात. म्हणून आम्ही एकमेकांवर सराव करायचो.

माझं घोडं एकाच ठिकाणी पेंड खायचं: वाईट बातमी सांगणं. त्यापायी आधीच्या सगळ्या संधी वाया गेल्या होत्या आणि ही शेवटची होती. ही गेली तर आतासारखा जन्मभर वृद्धाश्रमात चहाच द्यायचा. सुदानमध्ये, वद मदनीच्या इस्पितळात निम्मं आयुष्य काढलं मी, आणि इथे मला तापाची गोळी द्यायचीही मुभा नाही! संताप संताप व्हायचा.

नायजेरियातल्या एनुगूचा टोबेना हातात भाताचा चमचा घेऊन रुग्ण झाला.

"डॉक्टर, माझा रिपोर्ट काय म्हणतो?"

"बाळा, तुझ्याबरोबर कोण आलंय? मोठा भाऊ कुठाय?"

त्यानं कपाळावर हात मारला. "भाऊ मेला, आंटी! आई मेली, काका मेले, अख्खं गाव मेलं! आता तरी मला सांगा!"

"शुभ बोल रे मेल्या! रुग्णाच्या तोंडावर कॅन्सर म्हणायचं? आमच्याकडे आधी घरच्यांना सांगतात."

"आणि इथे त्याला नापास म्हणतात."

परीक्षेच्या दिवशी एकेक खोली पार करत मी शेवटच्या दारापाशी आले. दारावर लिहिलं होतं: रुग्ण बाईला आतड्याचा कॅन्सर आहे, तिला अजून माहीत नाही, तिच्या मुलाला डॉक्टरांशी बोलायचंय, त्याच्याशी बोलायला तिची हरकत नाही. मी पुन्हा वाचलं. आजवर मी रुग्णाच्या घरच्यांना शोधत होते, आणि आज मुलगा स्वतःच आत बसला होता!

मुलगा झालेला नट लाल केसांचा आडदांड माणूस होता. मी बसते न बसते तोच म्हणाला, "रिपोर्ट वाईट असला तर आईला सांगू नका. खचेल ती."

हे वाक्य मी वद मदनीच्या व्हरांड्यात इतक्यांदा ऐकलं होतं की मान आपोआप हलणार होती. रुग्णाचा हक्क वगैरे पाठ केलेलं सगळं जिभेवर आलं, पण ते गिळलं.

"तुम्हाला कसली भीती वाटते?"

"ती रडेल."

"तिच्या रडण्याची भीती वाटते, की ती तुमच्यासमोर रडेल याची?"

तो खिशातला मोबाइल चाचपू लागला.

"हल्ली तिच्याशी फोनवर काय बोलता?"

"काही नाही. लवकर ठेवतो."

"मग तिला कळलंय," मी म्हणाले. "आई आहे ती. तुम्ही फोन का ठेवता हे तिला कळत नसेल? आत्ता ती एकटीच घाबरते आहे, आणि तुम्हीही एकटेच."

बोलता बोलता मला वद मदनीच्या साऱ्या आया दिसल्या. त्या कधी काही विचारायच्या नाहीत. मुलांना त्रास नको म्हणून! मी थांबले नाही.

"तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. सांगायचं काम माझं. तुम्ही फक्त तिचा हात धरून शेजारी बसा. बसाल?"

"बसेन," तो म्हणाला.

घंटा झाली. पुढच्या उमेदवारासाठी त्यानं चेहरा पुन्हा कोरा करायला हवा होता. तो नाक पुसत बसला होता.

निकाल आला तेव्हा मी मोबाइल टोबेनाच्या हातात कोंबला. त्यानं वाचलं आणि मला चक्क उचललं. "आंटी, पास! पास!"

आमच्याकडे बायका लग्नात जीभ भराभर हलवून आनंदाची आरोळी देतात, तशी मी जिन्यात उभी राहून दिली. दुसरी दिली. तिसरीला शेजारच्या मिसेस ऑग्डन घरातल्या चपलांतच धावत आल्या.

"काय गं, कोण गेलं?"

"कोणी नाही! मी डॉक्टर झाले!"

"अगं पण," त्या गोंधळल्या, "तू तर आधीपासूनच डॉक्टर आहेस ना?"

"होय!" मी ओरडले. "आता ते तुमच्या सरकारलाही कळलं!"

आणि चौथी आरोळी दिली.