बाहीवरची आत्या

"माझे गाल म्हणजे काय कणकेचा गोळा आहे? येतात आणि मळतात!"

कापायच्या टेबलाखालून ही कुरकुर आली. तिथे टाचणी बसली होती. सांडलेली नव्हे, सात वर्षांची. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून घरात तिला सगळे टाचणीच म्हणत.

वर कापडावर वाकलेल्या आईने खडूची रेघ न मोडता विचारलं, "कोण मळतं?"

"तुला माहितीये कोण."

आईला माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. दर रविवारी आत्या दारावर टकटकसुद्धा न करता आत यायची, पोरीचे दोन्ही गाल चिमटीत धरून "कुणाचं गं हे सोनं?" म्हणत लाल होईस्तोवर ओढायची, वर दोन मुके, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकेका डब्याचं झाकण उघडून बघायची. मनाने मात्र लाखमोलाची. पोरगी तापाने फणफणली होती तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. अशा माणसाला बोलायचं तरी कुठल्या तोंडाने? म्हणून कुणीच बोलत नसे. टाचणीचे बाबा तर बहिणीची चाहूल लागली की जिन्यातला बल्ब तपासायला निघून जात. त्या जिन्यातला बल्ब वर्षानुवर्षं उत्तम चालला होता.

या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी वर्तुळं शिकवली होती. आतल्या वर्तुळात मिठीवाली माणसं, त्याबाहेर हात मिळवण्यापुरती, आणि सगळ्यात बाहेर लांबून टाटा करायची. टाचणीने आईच्या खाकी कागदाचा भलामोठा तुकडा पळवला आणि वाटी, ताटली, परात उपडी घालून पेन्सिलीने तीन वर्तुळं काढली. आत आई, बाबा आणि स्वतःची उशी. बाहेर पोस्टमन, कोपऱ्यावरचा कुत्रा आणि आत्या.

"अगं, आत्या घरातली ना? तिला आत घे."

"आत घेतली की ओढते."

"पण पोस्टमनच्या शेजारी बसवलीस तिला!"

"पोस्टमन चांगले आहेत. ते बेल वाजवतात."

आईला हसू आलं, ते तिने दाबलं. "पुसून टाक बघू. आज ती ब्लाउजच्या ट्रायलला येतेय."

"बाई म्हणाल्या, आपलं वर्तुळ आपणच काढायचं. आणि तू नाही का सगळ्यांना विचारतेस, टेप लावू का म्हणून? आत्यालासुद्धा विचारतेस."

"ते धंद्याचं असतं गं."

"मग मीपण धंदा काढू?"

आईने कात्री खाली ठेवली. "मी बोलते तिच्याशी."

"कधी?"

"सावकाश."

"मागच्या वर्षीपण सावकाशच होतं," टाचणी म्हणाली आणि जाऊन ट्रायलच्या पडद्यामागे उभी राहिली.

घड्याळात पाहिलं तर आत्या यायला जेमतेम दहा मिनिटं. बाहीचा कागद अजून कापायचा होता. आत्याचे दंड असे काही खास, की कापडाला कात्री लावायच्या आधी आई बाहीचा कागद तिच्या खांद्याला टाचून बघायची. तिने हाताला लागला तो खाकी कागद ओढला, खडूने बाही आखली आणि सर्रकन कापली. कागदाची दुसरी बाजू बघायला सवड कुणाला होती?

दार उघडलं. टकटक नाहीच. "कुठंय माझं सोनं?"

सोनं पडद्यामागे श्वास धरून उभं. जिन्यात बल्ब तपासला जाऊ लागला.

"शाळेचा अभ्यास करतेय," आई घाईघाईने म्हणाली. "या वन्सं, आधी बाही बघू. कागद लावू का?"

"लाव की. दरवेळी काय विचारतेस?" आत्या आरशासमोर हात पसरून उभी राहिली.

आईने सात-आठ टाचण्या ओठांत धरल्या आणि कागद खांद्याला टाचायला घेतला. ओठांत टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. लग्न झाल्यापासून या सोयीवर तिचं बरंच निभावलं होतं.

आत्याने कौतुकाने मान वळवून दंडाकडे पाहिलं. मग मान तशीच राहिली.

"हे काय लिहिलंय?" तिने अडखळत वाचलं. "लांबून टाटा. पोस्टमन. कुत्रा..." पुढचं तिने मनातच वाचलं. तिथे 'आत्या' लिहून शेजारी मोठी चिमटी काढलेली होती आणि चिमटीत एक गाल, त्यावर लाल खडू भरपूर घासलेला.

जिन्यातली खुडबुड थांबली.

"गंमत असेल पोरीची," आत्या म्हणाली, पण आवाज जरा बसका निघाला. "हो ना गं? गंमतच ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, टाचण्यासुद्धा काढाव्या लागल्या नसत्या. आईने आरशात पाहिलं. पडद्याच्या फटीतून एक डोळा तिच्याकडे टक लावून बघत होता. आत्याकडे नाही, तिच्याकडे.

आईने ओठांतली एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या गादीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटची खोचेपर्यंत आत्या हात पसरून तशीच उभी होती.

"गंमत नाही, वन्सं," आई म्हणाली. "तुमच्यावर तिचा जीव आहे. पण गाल ओढलेले तिला आवडत नाहीत. मुकेही नाहीत. यापुढे तिला आधी विचारत जा. आणि डबे उघडायच्या आधी मला."