वरच्या शैलाची हाक

आमच्या चाळीत दोन शैला होत्या. आमची आई तिसऱ्या मजल्यावर राहते म्हणून वरची शैला, आणि तळमजल्यावरच्या दौलतकाकांची बायको ती खालची शैला. नाना, म्हणजे माझे वडील, गॅलरीतून हाक मारायचे तेव्हा दोघींची कधीच गफलत झाली नाही. बायकोचं नाव घेताना नाना शेवटचं अक्षर वर नेऊन तिथेच सोडून देत. पुढचं वाक्य आईने वर येऊन ऐकायचं. परळमधल्या त्या चाळीत ही हाक सगळ्यांच्या ओळखीची होती.

खालची शैला गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी नानांनीच केला. नाना बौद्धाचार्य आहेत. पालिकेच्या पाणीखात्यातली नोकरी संभाळून त्यांनी वर्षानुवर्षं लग्नं लावली, नामकरणं केली, माणूस गेल्यावरचे विधी केले, आणि दर रविवारी चाळीच्या विहारात वंदना घेतली. ते एक ओळ म्हणतात, थांबतात, आणि जमलेले लोक ती मागून म्हणतात. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. तो बसायला लागला तेव्हा आम्ही आधी हवेला दोष दिला, मग धुळीला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सरची गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

"तोपर्यंत बोलणं कमी ठेवा," डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, की रोजची काही वाक्यं आत्ताच यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. नंतर फोनवर बटण दाबलं की त्यांचाच आवाज येईल. बरेच जण असं करतात.

दादा म्हणजे राजरत्न. तो परळच्याच एका टॉवरमध्ये, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. त्याचं शिक्षण फिजिक्सचं, माझं मायक्रोबायोलॉजीचं. मी शीवच्या एका लॅबमध्ये आहे. आमच्या घरात कुठलीही गोष्ट आधी मोजली जाते, मग तिच्यावर बोललं जातं.

"मी ॲप करतो," त्याने त्याच दिवशी सांगितलं. "वाक्यावर बोट ठेवलं की नानांचा आवाज. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर."

"वाक्यं तुम्ही पोरं ठरवा," आई म्हणाली. "माझ्या नावाची हाक तेवढी घे त्यात."

नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "एवढ्याशा खोलीत तुला हाक मारायला मशीन लागणार?"

"तुम्ही गप्प बसा, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" मग ती दादाकडे वळली. "राजा, समोर असले की मला खुणेनं कळेल. पण मी मोरीत असले, गॅलरीत असले, माझी पाठ असली, मग? हाक घे. बाकी नाही घेतलंस तरी चालेल."

अडचण माझ्या फोनपासून सुरू झाली. नानांचा आणि आईचा फोन ॲण्ड्रॉइड, माझा आयफोन. त्यावरून घरात मला पुरेसं बोलून झालेलं आहे. नानांचा फोन जुना होता, केव्हाही बंद पडायचा, आणि हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा मीच असणार होते. त्यामुळे ॲप दोन्हीकडे चालायला हवं होतं. दोन वेगळी ॲप्स लिहीत बसण्यापेक्षा एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायची सोय असते, तिला फ्रेमवर्क म्हणतात. अशी फ्रेमवर्क अनेक आहेत. दादाच्या डोळ्यांसमोर दोन होती, फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह.

"दोन्हींत फरक काय?" मी विचारलं.

"फ्लटर बटण स्वतः काढतं, अगदी रंगासकट. रिॲक्ट नेटिव्ह फोनला सांगतं, तुझं बटण दे."

"मग नानांना त्याने काय फरक पडेल?"

"तेच शोधायचंय."

त्याच्या ऑफिसात अशा निवडीसाठी एक ठरलेला तक्ता असतो. डावीकडे निकष, वर दोन रकाने, प्रत्येक चौकटीत गुण. बेरीज पटेपर्यंत मीटिंगा होतात. दादाने तोच तक्ता घरी उघडला.

मनाली रविवारी दादरहून आली. ती दादाच्या ऑफिसात आहे आणि मोबाइल ॲप बनवणं हेच तिचं काम आहे. तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि लॅपटॉप आईच्या चपात्यांच्या डब्याशेजारी सरकवून ठेवला.

"दहा-वीस बटणांचं ॲप आहे रे. कशातही कर. नाणं उडव."

"नाणं उडव म्हणे. ऑफिसात असं करतेस?"

"ऑफिसात तीन मीटिंगा करते. कारण तिथे कुणालाच घाई नसते." मग तिने आवाज खाली आणला. "राज, आधी आवाज घेऊन टाक. फोनमध्ये रेकॉर्डर आहे. घे, आणि मग वर्षभर फ्रेमवर्क निवडत बस."

"आणि तो नीट नाही आला तर? वाक्य मध्येच तुटलं, मागून कुकर वाजला, तर पुन्हा म्हणायला लावू? दिवसात चार वाक्यं बोलले की त्यांना धाप लागते. ॲपमध्ये वाक्य समोर दिसेल, ते म्हणतील, नीट आलं की नाही तिथेच कळेल, तिथेच सेव्ह होईल. त्यांच्याकडून एकदाच घ्यायचं आणि बरोबर घ्यायचं."

"नाना कुठे म्हणतायत की मला त्रास देऊ नकोस? ते नुसते बसून वाट बघतायत."

खरं तर दादाचं म्हणणं मला पटत होतं. लॅबमध्ये एकच नमुना असेल आणि दुसरा मिळणार नसेल, तर यंत्र आधी दुसऱ्या कशावर तरी तपासून घेतात. तो तेच करत होता. फक्त तपासणं संपत नव्हतं.

नानांना त्रास नको म्हणून चाचणीसाठी त्याने स्वतःचाच आवाज वापरला. "पाणी दे" हे एकच वाक्य. दोन्ही फ्रेमवर्कमध्ये एकेक छोटं ॲप करून ती नानांच्या फोनवर टाकली. मी माझ्या फोनवर स्लो मोशनमध्ये बोट आणि आवाज दोन्ही टिपायचे, आणि तो पडद्यावर चित्रं पुढे सरकवत बोट टेकल्यापासून आवाज फुटेपर्यंतचा वेळ काढायचा. नाना खाटेवर बसून हे बघत. सबंध दुपार त्या खोलीत दादा वेगवेगळ्या वेगाने पाणी मागत होता. एकदा आई खरंच पेला भरून घेऊन आली, आणि नाना हसले. त्यांचं ते हसणं अजून आवाजाचं होतं.

"किती फरक आला?" मी विचारलं.

"त्रुटीच्या मर्यादेत आहे."

"आम्ही लॅबमध्ये त्याला फरक नाही म्हणतो."

"फोन गरम झाला की आकडे बदलतात. अजून मोजायला हवं."

मग दुसऱ्या आठवड्यात मराठी अक्षरांची चाचणी झाली. मग, ॲप वेबपेजसारखंच केलं तर, म्हणून तक्त्यात तिसरा रकाना आला. तो पुसला, पुन्हा आणला. एव्हाना आवाज आणखी खाली गेला होता, पण तो नानांचाच होता. सकाळी गॅलरीतून आईला मारलेली हाक शेजारच्या खोलीपर्यंत जेमतेम जायची, तरी शेवटचं अक्षर वर जात होतंच. मी दादाला म्हटलं, ही आत्ता घेऊया. "रविवारी," तो म्हणाला. ऑपरेशनची तारीख गुरुवारची मिळाली होती. रविवारी वंदना झाल्यावर नाना शांत असतात, तेव्हा सगळी वाक्यं एका बैठकीत होतील असा त्याचा हिशेब होता. नानांनी वंदनेचा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला. रेकॉर्डिंगसाठी सदरा कशाला, असं आईने विचारलं, तर म्हणाले, "माईकसमोर मी कधी बनियनवर बसलोय?"

शनिवारी सकाळी नानांना श्वास घेता येईना. आत जाणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर शिट्टी वाजत होती. दौलतकाकांनी खाली टॅक्सी थांबवली, आणि आम्ही त्यांना जवळजवळ उचलूनच जिने उतरवलं. हॉस्पिटलात गळ्याला छेद देऊन नळी बसवली. गाठ वाढली होती, थांबणं शक्य नव्हतं. आम्हाला आत सोडलं तेव्हा नाना शुद्धीवर होते. आईला बघून त्यांचे ओठ हलले. हवा नळीतूनच बाहेर पडत होती, ती वरपर्यंत जाणारच नव्हती. डॉक्टर म्हणाले, आता आवाज नाही. ऑपरेशन गुरुवारी ठरल्याप्रमाणे होईल.

मनाली दुपारी आली. कॉरिडॉरमध्ये दादा भिंतीला टेकून उभा होता. ती त्याच्याशेजारी उभी राहिली.

"फ्लटर ठरवलं होतं," तो म्हणाला. "काल संध्याकाळी."

ऑपरेशन होऊन नाना घरी आले तेव्हा त्यांच्याकडे गळ्याला लावून बोलायचं एक छोटं यंत्र होतं. त्यांनी ते एकदाच लावलं, दौलतकाका भेटायला आले तेव्हा. "जयभीम" म्हणाले. सगळी अक्षरं एकाच पट्टीत, घरघर करत आली.

"नाना, हे तर मिक्सर बोलल्यासारखं वाटतंय," काका म्हणाले. नानांचे खांदे हसण्याने हलले. पण यंत्र कपाटात गेलं ते पुन्हा निघालं नाही.

काका दाराशी थांबले. विहाराचे आणि लग्नांचे कार्यक्रम तेच शूट करतात. "राजू, एवढं काय तोंड पाडून बसलायस? तुझ्या बापाचा आवाज माझ्याकडे पोत्याने आहे. ड्राइव्ह देतो, घेऊन जा." मग म्हणाले, "आमच्या शैलाचा पण आहे त्यात कार्यक्रम. तो पण बघ. त्यात पण नानाच आहे."

पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं ऐकत बसलो. आवाज खरोखरच पोत्याने होता, आणि जवळपास सगळा पालीत होता. त्रिशरण होतं, पंचशील होतं, मंगल गाथा होत्या. एकेक ओळ सुटी, मागे शांतता, मग लोकांचा आवाज. याहून स्वच्छ रेकॉर्डिंग दादाच्या ॲपलाही जमलं नसतं. पण त्यात कुणी पाणी मागत नव्हतं. पाठ दुखते, दिवा बंद कर, जेवलीस का, यातलं काहीच नव्हतं. मराठी होती ती वधूवरांची नावं आणि पाहुण्यांचे आभार. माईकवर नानांनी बायकोला कधीच हाक मारली नव्हती. कशाला मारतील?

एके दिवशी दादाने कानातले हेडफोन काढून मला स्क्रीन दाखवला. आवाजाची रेघ ताणून मोठी केलेली होती. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो 'कालकथित' हा शब्द आणि आडनाव यांच्यामध्ये एक छोटासा उंचवटा होता. तो त्याने दोन्ही बाजूंनी कापला होता.

"यात शैला आहे," तो म्हणाला.

ते कुठून आलंय हे मला विचारावं लागलं नाही. "दादा, हे नको."

"आवाज नानांचा आहे. नाव तेच आहे. तिने एवढंच मागितलं होतं."

ॲप त्याने आधी नानांच्या फोनवर टाकलं, मग माझ्या. दोन्हीकडे पहिल्या झटक्यात चाललं, दिसायलाही सारखंच. पहिल्या बटणावर "शैला" होतं. बाकी बटणांवर दादाने तात्पुरता स्वतःचाच आवाज ठेवला होता. नानांनी चष्मा लावला, एक बटण दाबलं. "पाणी दे," दादाचा आवाज म्हणाला. नानांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली. छान आहे, अशा अर्थाने.

आई मोरीत भांडी घासत होती. नानांनी पहिलं बटण दाबलं.

"शैला."

आवाज स्वच्छ होता, सपाट होता. शेवटचं अक्षर वर गेलं नाही. ते खाली उतरलं आणि बसलं. माणसांनी भरलेल्या खोलीत, फोटोसमोरच्या मेणबत्तीकडे बघत म्हटल्यासारखं.

आईचे हात थांबले. ती वळली नाही. नळ वाहत होता.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "खालच्या शैलाची आहे. त्या दिवशी मी पुढेच बसले होते."

नानांनी दादाकडे पाहिलं. आवाज कुठून घेतला ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांनी फोन हळूच खाटेवर पालथा ठेवला.

"आई, ते बदलता येतं," दादा घाईने म्हणाला. "शेवटचा स्वर वर नेता येतो. आवाज तोच राहतो. त्यासाठी वेगळं काहीतरी जोडावं लागेल. कशात ते नीट बसेल, फ्लटरमध्ये की त्या दुसऱ्यात, ते आधी बघावं लागेल."

"काढून टाक ते, राजा."

त्याने ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तोच जुना तक्ता उघडला. निकषांच्या रकान्यात सगळ्यात खाली जाऊन त्याने नवीन ओळ घेतली, आणि तिच्यात लिहिलं, हाक. पुढच्या दोन चौकटी रिकाम्या होत्या.

आईने पुन्हा भांडी घासायला घेतली. नाना खाटेच्या कडेला आले होते. त्यांनी हात वर केला होता, तिला काहीतरी सांगायचं होतं. बराच वेळ तो तसाच वर होता. आईची पाठ आमच्याकडे होती.