चौथी तार

मी एक जुनी केबल आहे, मित्रांनो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीन मेलेले चार्जर, एक दात पडलेला कंगवा आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली यांच्या संगतीत माझे दिवस जातात. माझ्या एका टोकाला गोल तोंड आहे, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचं रुंद तोंड. त्या रुंद तोंडाला बसेल अशी खाच आता एकाही नव्या कॉम्प्युटरला नसते. त्यामुळे उद्या कोणी दया येऊन मला बाहेर काढलंच, तरी लावणार कुठे हा प्रश्नच आहे.

तुम्ही म्हणाल, केबलला कसलं आलंय आयुष्य! इकडचं तिकडे पोचवायचं, झालं. खरं आहे. मी जन्माचीच सांगकामी. पण सांगकाम्याच्या हातूनही घर बुडतं, तेच आज सांगायला बसले आहे.

आमच्या घरी एक निवृत्त लाइनमन होते. छत्तीस वर्षं ते टेलिफोनच्या खांबांवर चढले आणि लोकांचे तुटलेले फोन जोडून दिले. एवढं करून त्यांना स्वतःला मात्र फोनचा मनस्वी तिटकारा होता. "फोनवर बोलायला ओळख लागत नाही, नुसता नंबर लागतो," असं ते म्हणायचे. त्यांचा जीव होता हौशी रेडिओवर. गाणी ऐकायचा तो रेडिओ वेगळा. यातून ऐकताही येतं आणि बोलताही येतं, आणि त्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. फक्त दोन्ही एकदम करता येत नाही. बोलताना यंत्राचे कान बंद असतात. बोलून झालं की बटण सोडायचं, मग पलीकडचं ऐकू येतं.

पलीकडे होते घड्याळजी. कुठल्याशा दूरच्या गावात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून ते नाव. एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचा आवाज यायचा, "लाइनसाहेब, आहात का जिवंत?" आणि आमचे लाइनसाहेब म्हणायचे, "तुमच्या घड्याळात बघून सांगा." या दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण गुडघ्यांपासून देवापर्यंत एकही विषय त्यांनी सोडला नव्हता. लाइनसाहेबांची पत्नी हयात नव्हती, शेजाऱ्यांशी फारसं जमत नव्हतं. सबंध दिवसात ते मनापासून हसायचे ते त्या अर्ध्या तासात.

मग त्यांचे हात थरथरू लागले. रेडिओवर समोरच्याची जागा जुळवायची तबकडी फार नाजूक असते, केसभर सरकली तरी माणसाचा आवाज बदकासारखा होतो. लाइनसाहेब तबकडी धरायचे आणि घड्याळजींचं बदक व्हायचं, सोडायला जायचे तर बदकाचं कबूतर व्हायचं. पहिल्यांदा दोघेही पोट धरून हसले. पंधरा दिवसांनी कोणी हसेना. एका सकाळी लाइनसाहेब तबकडीशी वीस मिनिटं झगडले आणि शेवटी रेडिओवर कापड टाकून खिडकीशी जाऊन बसले.

त्यांच्या लेकीने ते पाहिलं. ती लिफ्ट दुरुस्त करायची. दिवसभर इमारतींच्या पोटात उभी राहून, हाताला ग्रीस लावून घरी यायची. पुढच्या रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि मला जन्माला घातलं. माझी तार लिफ्टच्या पॅनलमधून उरलेली. माझ्या आत चार तारा आहेत. पहिली नुसती अर्थिंगची. दुसरीतून कॉम्प्युटरचा हुकूम रेडिओकडे जातो, तिसरीतून रेडिओचं उत्तर परत येतं. आणि चौथी बोलण्याचं बटण दाबते. थरथरत्या बोटांनी तबकडी धरायलाच नको. कॉम्प्युटरची एक कळ दाबली की रेडिओ बरोबर घड्याळजींच्या जागी जाऊन थांबणार, आणि लांब कळ दाबून धरली की लाइनसाहेब बोलणार. ऐकायचा आवाजही तिने कॉम्प्युटरच्या मोठ्या स्पीकरमधून काढून दिला, कारण बाबांचे कानही काही सोळा वर्षांचे राहिले नव्हते.

पहिल्या दिवशी काहीच चालेना. कॉम्प्युटर हुकूम सोडतोय आणि रेडिओ ढिम्म. लेकीने मला चारदा उलटंसुलटं तपासलं. मी मात्र शाबूत होते हो! अडचण दुसरीच होती. दोघांचा बोलण्याचा वेग जुळत नव्हता. कॉम्प्युटर भराभरा बोलत होता आणि रेडिओ जुन्या वळणाचा, त्याला शब्द न् शब्द सावकाश लागे.

"अगं, धाकट्याला सांग जरा दमाने घ्यायला," लाइनसाहेब म्हणाले. "म्हाताऱ्याला पळायला लावू नकोस."

"तुमच्यावरच गेलाय हा रेडिओ," लेक म्हणाली आणि तिने कॉम्प्युटरचा वेग कमी केला. पडद्यावर आकडे उमटले. रेडिओने आपली जागा बिनचूक सांगितली होती. लाइनसाहेबांनी मला हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि लेकीला म्हणाले, "सांधे सुरेख केलेत. खांबावर चढवायला हवं होतं तुला." त्या कौतुकाचा अर्धा वाटा माझा, असं मी आजही मानते.

एक खोड मात्र माझ्यात राहिली. कॉम्प्युटर झोपेतून उठत असताना माझ्या चौथ्या तारेत उगीचच वीज चढते. का, ते मला विचारू नका. चढते आणि मी ती इमानाने पुढे देते. रेडिओ त्या वेळी सुरू असेल तर त्याला वाटतं, मालकाने बटण दाबलंय, आणि तो बोलायला लागतो. लेकीच्या हे तेव्हाच लक्षात आलं. "नवीन भाग मागवते, तोवर तुम्ही एवढं सांभाळा," असं म्हणून तिने कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आधी कॉम्प्युटर, मग रेडिओ'. तो भाग पुढे कधी मागवला गेला नाही. चालतंय ना, मग चालू द्या, असं प्रत्येक घरात होतं तसं झालं.

लाइनसाहेबांनी तो कागद समोर दिसेल असा रेडिओच्या तोंडावरच चिकटवला. रेडिओ बोलत असताना पेटणारा बारीक लाल दिवा त्याच्याखाली झाकला गेला. "दिवा कशाला हवाय? मी बोलतोय हे मला कळत नाही का?" असं ते म्हणाले.

अडीच वर्षं छान गेली. सात दहाला कळ, सात चाळीसला निरोप. घड्याळजी विचारायचे, "काय म्हणते तुमची शेपटी?" शेपटी म्हणजे मी. एवढ्या लांबून कोणी आपली चौकशी करावी, याचं मला फार अप्रूप होतं.

मग एका गुरुवारी घड्याळजी म्हणाले, "लाइनसाहेब, दुकान विकलं. डोळ्यांनी दगा दिला. पुतण्या उद्या न्यायला येतोय. त्याच्या इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत, तेव्हा हा कारभार आटोपला. उद्या पुतण्याकडून पत्ता नि फोन नंबर लिहून घेतो आणि शेवटचं भेटतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा."

"म्हणजे अखेर फोनवरच आलो आपण," लाइनसाहेब म्हणाले.

"तुमचाही नंबर द्या."

लाइनसाहेब घुटमळले. "मला पाठ नाही हो. लेकीला विचारून ठेवतो."

घड्याळजी इतके हसले की स्पीकर खरखरला. "छत्तीस वर्षं गावाला फोन दिले आणि स्वतःचा नंबर माहीत नाही! उद्या सात दहा. उशीर करू नका."

त्या संध्याकाळी लाइनसाहेबांनी लेकीकडून नंबर विचारून कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. पेन्सिलीला टोक केलं. कागद माइकच्या शेजारी ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर पेन्सिल आडवी ठेवली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला वीज गेली. लाइनसाहेब कपडे करून टेबलाशी बसून होते. सात वाजून पाच मिनिटांनी वीज आली आणि त्यांचा हात जुन्या सवयीने आधी रेडिओकडे गेला. खटका पडला. मग कॉम्प्युटरचा खटका. आधी कळस, मग पाया. मी ओरडणार तरी कशी? चौथ्या तारेत वीज चढली आणि मी ती पुढे दिली.

एरवी तो घोटाळा मिनिटभराचा. पण त्या दिवशी कॉम्प्युटरने स्वतःची डागडुजी काढली. पडद्यावर अक्षरं आली, 'थांबा. यंत्र बंद करू नका.' लाइनसाहेबांनी आयुष्यभर पाटी वाचून काम केलेलं, त्यांनी कशाला हात लावला नाही. स्पीकर मुका होता, पण कॉम्प्युटर उठेपर्यंत तो मुकाच असायचा. त्यामुळे त्यांना काही वावगं वाटलं नाही. कागदाखाली लाल दिवा पेटलेला होता, माइक उघडा होता आणि त्या खोलीतला प्रत्येक आवाज दूरदूरच्या गावांत जात होता.

"थांबा हं घड्याळजी, जाऊ नका," ते स्वतःशीच म्हणाले. मग खोकले. मग टेबलावर बोटांनी ताल धरला. सव्वासात झाले, साडेसात झाले. पडद्यावर तीच पाटी.

सात पस्तिसला त्यांचा धीर सुटला. "कशाला थांबतोय तो," ते पुटपुटले. "गेला असेल केव्हाच पुतण्याच्या गाडीत बसून. आता त्याला घर आहे, माणसं आहेत. गरज सरो, वैद्य मरो. एकोणीस वर्षं फुकट बडबडलो त्याच्याशी."

मित्रांनो, ते सगळं माझ्यामुळे गेलं. खोकला गेला, बोटांचा ताल गेला, हे शेवटचं बोलणंही गेलं. माइकपासून वीतभर अंतरावर नंबर लिहिलेला कागद होता. तेवढा एकदा मोठ्याने वाचला असता तर काम झालं असतं. पण तो कागद ते घड्याळजींचा आवाज आल्यावर वाचणार होते.

आठ वाजत आले तेव्हा लेक कामावर निघाली. जाताना सवयीने तिने रेडिओवर हात ठेवला आणि चपापली. रेडिओ गरम होता. तिने कागदाची कड उचलली.

"बाबा, हा केव्हापासून बोलतोय?"

"कोण?"

"रेडिओ."

तिने मला हिसका देऊन उपटलं आणि स्पीकरची तार काढून थेट रेडिओला लावली. खरखर आली. लाइनसाहेबांनी रेडिओचं बटण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "घड्याळजी, ऐकताय का? घड्याळजी?"

आवाज आला तो एका बाईंचा. त्या शाळेत शिकवायच्या आणि शाळेला जाण्याआधी रोज या दोघांच्या गप्पा ऐकायच्या. "लाइनसाहेब, घड्याळजी निघून गेले. तुमचा माइक पाऊण तास चालू होता. ते सारखे सांगत होते, मी इथेच आहे, मी इथेच आहे. दोघंही एकाच जागेवर एकदम, त्यामुळे तुमच्या आवाजापुढे त्यांचा आवाज मला पुसट येत होता. पत्ता सांगितला त्यांनी, पण तेव्हा नेमके तुम्ही खोकत होतात. नंबर सांगितला तेव्हा टेबल वाजत होतं. मी परत विचारलं, पण मीही तुमच्याखाली दबले."

लाइनसाहेबांनी विचारलं, "मी जे बोललो... शेवटी... ते गेलं?"

"हो. अगदी स्वच्छ गेलं."

"मग?"

"मग ते म्हणाले, 'लाइनसाहेबांना सांगा, मी वेळेवर आलो होतो.' आणि त्यांनी यंत्र बंद केलं."

त्या दिवशी लेक कामावर गेली नाही. दुकानाच्या पत्त्यावर पत्र धाडलं, ते 'इथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. बाईंनी महिनाभर रोज सकाळी हाक देऊन चौकशी केली. घड्याळजींच्या पुतण्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. लाइनसाहेबांनी एवढ्या वर्षांत ते कधी विचारलंच नव्हतं, त्यांनी नेहमी गुडघ्यांचं विचारलं होतं. लेकीने तो राहिलेला भाग आणला आणि एका संध्याकाळी माझ्यात बसवला. माझी खोड गेली. आता मी अगदी निर्दोष केबल आहे.

"चला बाबा, लावून बघू," ती म्हणाली.

"राहू दे गं."

मला कोणी बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. लेक म्हणाली, चूक माझी, भाग वेळेवर आणला नाही. बाबा म्हणाले, चूक माझी, खटका मी दाबला. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पुढे रेडिओ एका क्लबाला दिला गेला. तिथे एक नवी बारीक केबल आली म्हणे, चपट्या तोंडाची, आवाज आणि हुकूम दोन्ही एकटी नेणारी. कानामागून आली आणि तिखट झाली. मी या डब्यात आले.

लाइनसाहेब अजून आहेत. रोज सकाळी सातला ते कपडे करून त्याच टेबलाशी बसतात. टेबलावर आता रेडिओ नाही, कॉम्प्युटर नाही. नंबराचा तो कागद मात्र काचेखाली सरकवून ठेवलाय. सात दहा झाले की लेक पाण्याचा नळसुद्धा बंद करते. सात चाळीसपर्यंत घरात कोणी बोलत नाही. त्या वेळी खोकला आला तर लाइनसाहेबही तोंडावर पंचा धरतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, तारा गुंडाळून ठेवा, असं सांगायची आमच्यात रीत आहे. मला गुंडाळा नाहीतर भंगारात द्या, आता काही फरक पडत नाही. एवढंच मागते की बोलून झालं की बटणावरचं बोट उचला, आणि खरंच उचललंय का ते पाहा. मला उपटायला दुसरं कोणीतरी यावं लागलं, आणि ते पाऊण तास उशिरा आलं. तुमचं बोट तुमचं आहे.