अनोळखी भाग पुसू का?

अक्षदानं संगणकाचं बटण दाबलं आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. एरवी काळ्या पडद्यावर तिनं विंडोजशेजारी बसवलेल्या लिनक्स प्रणालीच्या पांढऱ्या ओळी सरसर उतरायच्या. आज त्यातलं काहीच नाही, थेट विंडोजचं निळं आभाळ आणि हिरवी टेकडी.

सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, सहा महिन्यांचं काम आणि त्याची एकुलती एक प्रत या खोक्यातल्या लिनक्समध्ये. ती गेली असेल तर वर्ष गेलं. शनिवारची दुपारची एसटी पकडून, पोलादपूरहून डोंगर चढून ती वाडीवर आली होती ती काय हे बघायला?

"आये, याला हात कुणी लावला?"

"किशोर शिमग्याला आला व्हता," येसूबाई चुलीपुढून म्हणाली. "पालखीची सीडी लागंना, तर म्हणला नवीन विंडोज टाकतो."

किशोर म्हणजे मुंबईचा चुलतभाऊ. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. अक्षदानं बापाकडे पाहिलं.

महिपत उंबऱ्यावर दावं वळत बसला होता. "मधीच पडद्यावर कायतरी आलं," तो मान वर न करता म्हणाला. "किशा म्हणला, काका, हितं डिस्कचा येक भाग अनोळखी दिसतोय, पुसू का? म्या म्हणलं, थांब. वाघजाईला इचारून येतो."

अक्षदा आ वासून बघतच राहिली. संगणकाच्या प्रश्नाला देवीचा कौल! हसावं की रडावं तिला कळेना. पण नवल करावं असंही काही नव्हतं. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. त्याशिवाय महिपत बोकडसुद्धा विकत नसे. एकदा दुभती म्हैस आजारी पडली, डॉक्टर आणू का म्हणून विचारलं, तर डावं पडलं. डॉक्टर आणला नाही, म्हैस गेली. तरी यानं देवीला बोल लावला नाही.

"मग?" तिनं विचारलं.

"त्याला सांगितलं, डावं पडलं. हात लावू नको."

अक्षदाच्या जिवात जीव आला. म्हणजे पुसलं नव्हतं. गेला होता तो फक्त बूटलोडर, डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसून आत काय काय आहे ते सांगणारा छोटासा प्रोग्राम. विंडोजनं त्याला हुसकून आपला बसवला होता, आणि त्याला विंडोजखेरीज कुणी ठाऊकच नव्हतं.

"घर शाबूत हाय, आये. दारावरचा माणूस बदललाय," ती म्हणाली.

लिनक्स बसवताना लॅबच्या सरांकडून हट्टानं मागून आणलेली सीडी तिनं संगणकामागून काढली. पाचला भारनियमनानं लाइट जायची, घड्याळात सव्वाचार. सीडी घरघरत होती. एकदाची ती चालू झाली तेव्हा डिस्कवरच्या भागांच्या यादीत तिला आपला भाग दिसला. तो जोडून ती आत शिरली आणि बूटलोडर पुन्हा लिहायची आज्ञा दिली. चूक. परत दिली, परत चूक. मग लक्षात आलं, घाईघाईत डिस्कचं नावच चुकीचं टाकलं होतं. तिसऱ्यांदा एकेक अक्षर तपासून तिनं एंटर दाबलं. चूक नाही.

सीडी काढून तिनं संगणक पुन्हा सुरू केला. काळा पडदा, आणि त्यावर लिनक्सचं नाव. प्रोजेक्ट उघडला, शेवटच्या पानापर्यंत जसाच्या तसा होता. अक्षदाला रडूच फुटलं.

"आईनं राखलं गो!" येसूबाईनं फडताळातला नारळ काढला. "आवं, उठा. वाघजाईला ठेवून येऊ."

महिपत उठला नाही.

"तू जा. म्या कंच्या तोंडानं जाऊ?"

"असं काय बोलताव?"

त्यानं दावं बाजूला ठेवलं.

"उजवं पडलं व्हतं," तो म्हणाला. "पूस म्हणली ती. म्या परत फुलं लावली, परत उजवंच. पोरीच्या शिक्षणाची तीन वर्सं त्यात हायती, माझ्यानं पुसवंना. खाली येऊन किशाला देवीच्या नावानं खोटं सांगितलं."

येसूबाई मटकन खाली बसली.

म्हैस डोळ्यांदेखत तडफडून मेली तेव्हा न मोडलेला देवीचा शब्द याच माणसानं आता मोडला होता, आणि महिनाभर ते एकट्यानं पोटात ठेवलं होतं.

"सोमवारी नीट दाखव," महिपत तिला म्हणाला. "देवीचं-माझं काय ते मी बघीन."

असलं काही नसतं आबा, असं तिला म्हणायचं होतं. कॉलेजात मैत्रिणींपुढे ती ते सहज म्हणायची. आत्ता जीभ रेटेना, कारण बापासाठी तिला आयुष्यात पहिल्यांदा वाघजाईची भीती वाटत होती.