आढीतली मोसंबी

चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निरोपच तसा होता. त्या दुष्काळी साली पाटोद्याच्या फळबागायतदार सोसायटीचे चेअरमन होते उत्तरेश्वरराव. त्यांनी कळवलं होतं, "तुमची दोन टोपल्या मोसंबी पाठवा. रसाच्या कारखान्याचा माणूस तपासणीला येतोय. मग टँकर तुमच्या बांधावर रोज येईल."

म्हणजे नमुना हिच्या बागेचा आणि माल सगळ्या सोसायटीचा! असली लबाडी सुचायला खुर्चीच लागते.

दोन महिन्यांपूर्वी चेअरमनची विहीर आटली आणि फळं गळायला लागली. एकट्याचा थोडका माल कारखाना घेईना. मग साहेबांनी फर्मानच सोडलं: सगळ्यांनी मोसंबी तोडा, आंब्यासारखी पाचटात आढी घाला, गोड होतीय आपोआप. जो तोडणार नाही त्याला टँकर नाही.

लोकांनी मुकाट तोडली. चतुराबाईनं नाही तोडली. माती तपासायला आलेल्या मॅडमनी तिला एकदा नीट समजावलं होतं. आंब्याच्या पोटात पिठूळ साठा असतो, त्याची आढीत साखर होते. मोसंबीच्या पोटात तसलं काही नसतं. तिचं आम्ल फळातली एन्झाइमं झाडावरच हळूहळू जिरवतात, आणि गोडी पानांकडून देठातून येते. देठ तुटला की सगळं थांबलं. म्हणून बाई दोन महिने हापशावरून डोक्यावर पाणी वाहून चाळीस झाडं जगवत होती. आता हापसाही गुळण्या टाकत होता. टँकर नाही मिळाला तर पंधरवड्यात झाडं वाळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी ती रिकाम्या हातानं सोसायटीत गेली. आढीतून काढून बागवार रचलेला मोसंबीचा ढीग पिवळाधमक दिसत होता. साल तेवढी पिकली होती ना! तिनं चेअरमनच्या बागेतली एक मोसंबी उचलली, कमरेचा विळा काढून चिरली आणि पुढं केली.

"चेअरमनसायेब, खा."

"आत्ता कशाला, चतुराबाई?"

"समद्यांम्होरं खा. तुमच्याच बागंतली हाय."

वीस सभासद बघत होते. रावांनी फोड तोंडात टाकली. गाल आत गेले, एक डोळा मिटला, पण गडी हटला नाही. रुमालानं डोळे पुसत म्हणाला, "लई गोड हाय." लगेच डायरेक्टर लोकही माना डोलवायला लागले. ज्यांची स्वतःची फळं त्या ढिगात आंबट पडली होती, तेसुद्धा! चतुराबाईला त्यांचा जास्त संताप आला.

"गोड हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग माजी कशापायी पायजेत?"

 बाहेर कारखान्याची जीप थांबल्याचा आवाज आला. चेअरमन हळूच म्हणाले, "बाई, टँकरचा इचार करा."

"केला," चतुराबाई म्हणाली, आणि तपासणीसाला आढीतलीच मोसंबी चिरून द्यायला ढिगापाशीच मांडी घालून बसली.